शिंपल्याचे पहिले दोन दिवस

मासळीबाजारात तिसऱ्यांचा वाटा लहान झाला आणि भाव मात्र वाढला, की गृहिणी मासळीवालीशी हुज्जत घालते, मासळीवाली दलालाकडे बोट दाखवते, दलाल नदीकडे बोट दाखवतो आणि वाद तेथेच मिटतो. नदीला कोणी प्रश्न विचारीत नाही. वस्तुतः या वादातील खरा साक्षीदार तीच आहे. ताटातील एकशिपीचे अथवा रव्यात परतलेल्या कालवांचे भवितव्य बाजारात ठरत नाही, होडीत ठरत नाही, तिसऱ्या काढणाऱ्या बाईच्या टोपलीतही ठरत नाही. ते बहुतांशी त्या जिवाच्या आयुष्यातील पहिल्या दोन दिवसांत, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवस्थेत, पाण्याच्या गुणावर ठरून गेलेले असते. हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून ज्यांना या सत्याची जबर किंमत मोजावी लागली, त्यांची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन राज्यात नेटार्ट्‌स नावाचा एक लहानसा उपसागर आहे. त्याच्या काठी व्हिस्की क्रीक या नावाचे कालवांचे बीज-केंद्र आहे. त्या किनाऱ्यावर जी कालवे वाढवली जातात ती मूळची जपानी जातीची. विसाव्या शतकाच्या आरंभी ती तेथे नेण्यात आली. तेथील बहुतेक खाड्यांचे पाणी त्यांच्या प्रजननाला फार थंड पडते. त्यामुळे कोमट पाण्याच्या टाक्यांतून कालवांची अंडी फळवायची, त्यांतून निघालेले डिंभ दोन-तीन आठवडे वाढवायचे आणि मग ते बागाइतदारांना विकायचे, असा हा व्यवसाय आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मुठीएवढ्या गोळ्यात लक्षावधी डिंभ मावतात. आपल्याकडे शेतकरी भाताचे बियाणे विकत आणतो, तसेच हे. बियाणे मिळाले नाही तर खाडीतील शेती पडीक राहते.

२००७ साली या केंद्रातील डिंभ मरू लागले. एखाद्या टाकीत काही मरणे हे नित्याचेच असते. येथे टाक्यांमागून टाक्या रिकाम्या होऊ लागल्या. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत केंद्राचे उत्पादन सत्तर ते ऐंशी टक्क्यांनी घसरले. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातील मोठ्या बीज-केंद्रावरही हाच प्रसंग ओढवला. त्याच राज्यातील विलापा उपसागरात कालवे निसर्गतः बीज धरीत असत. तेथेही २००५ नंतर सलग काही वर्षे बीज धरले गेले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा धंदा बुडतो की काय, अशी धास्ती सर्वांना पडली.

पहिला संशय जंतूंवर गेला, आणि तो स्वाभाविकच होता. व्हिब्रिओ जातीचे जंतू कोमट पाण्यात माजतात व शिंपल्यांच्या पिलांचा फडशा पाडतात, हे पूर्वीपासून ठाऊक होते. केंद्राने खर्च करून पाणी गाळण्याची आणि जंतू मारण्याची यंत्रणा बसवली. पाणी निर्जंतुक झाले. तरीही डिंभ मरतच राहिले. चोर घरात नसून विहिरीतच विष आहे, हे तेव्हा ध्यानात आले. पाण्याकडे आजवर कोणी त्या नजरेने पाहिलेच नव्हते. समुद्राचे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी, त्यात पाहायचे ते काय, अशीच सर्वांची समजूत होती.

उलगडा झाला तो समुद्रशास्त्रज्ञांच्या मदतीने. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर उत्तरेकडून वारे वाहतात, वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याच्या जागी तळाचे थंड पाणी वर येते. या खोल पाण्यात वर्षानुवर्षे जैव पदार्थ कुजत आलेले असतात, त्यामुळे त्यात कार्बन डाय-ऑक्साइड वायू मुळातच अधिक असतो. त्यात भर पडली ती माणसाने जाळलेल्या कोळशाची आणि तेलाची. रिचर्ड फीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले की असे पाणी आता थेट किनाऱ्याजवळच्या उथळ भागापर्यंत येऊन पोहोचते. ज्या दिवशी ते उपसागरात शिरे, त्या दिवशी भरलेल्या टाकीतील डिंभांवर संक्रांत येई. केंद्रातील माणसे आणि ऑरेगन स्टेट विद्यापीठाचे शास्त्रज्ञ यांनी मिळून पाण्याची व पिलांच्या वाढीची जी नोंद ठेवली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि संशयाला जागा उरली नाही.

या ठिकाणी थोडे रसायनशास्त्र सांगणे भाग आहे. वाचकांनी त्याला भिऊ नये, कारण ते आपल्या पानदानात आहे. कोकण-गोव्यात विड्याला लावायचा आणि भिंतीला द्यायचा चुना शिंपले भाजूनच केला जात असे. भट्टीत शिंपल्यातील कार्बन डाय-ऑक्साइड उडून जातो आणि चुना उरतो. शिंपला घडतो तो याच्या उलट मार्गाने: पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र आणून तो जीव आपले कवच रचतो. कॅल्शियम समुद्रात मुबलक आहे. कार्बोनेट मात्र नाजूक. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळला की त्याचे सौम्य आम्ल बनते आणि ते आम्ल मोकळे कार्बोनेट गिळून टाकते. कवच रचणाऱ्याला माल कमी पडतो; माल फारच कमी झाला तर रचलेले कवचही विरघळू लागते. तिसऱ्याचे कवच विनेगरात टाकून पाहावे, बुडबुडे येऊ लागतात. समुद्राचे विनेगर झालेले नाही व होणारही नाही. तो आजही अल्कधर्मीच आहे. परंतु औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणात दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला हा वायू आज ४२० च्या वर गेला आहे. माणूस जितका वायू सोडतो त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच अंदाजे ८.२ वरून ८.१ वर आला. आकडा क्षुल्लक दिसतो, पण ही मोजपट्टी अशी आहे की तेवढ्या फरकाने आम्लता पाव हिश्श्याहून अधिक वाढते.

आता मूळ प्रश्न. पूर्ण वाढलेले कालव हा बदल बऱ्याच अंशी सोसते. मग डिंभच का मरावा? येथेच त्या पहिल्या दोन दिवसांचे रहस्य आहे. कालवाची मादी लक्षावधी, क्वचित कोट्यवधी अंडी पाण्यात सोडते. नरही आपले बीज त्याच पाण्यात सोडतो. फलन झाल्यापासून अवघ्या एक-दोन दिवसांत त्या कणभर जिवाला आपले पहिले कवच पुरे करावयाचे असते. त्या कवचाचा आकार इंग्रजी डी अक्षरासारखा, एका बाजूने सरळ, म्हणून या अवस्थेला तेच नाव पडले आहे. या काळात त्याच्या शरीराच्या वजनापैकी सुमारे नव्वद टक्के भाग हा कवचाचाच होऊन जातो. आणि खाण्याचे अवयव अजून तयार झालेले नसतात! आईने अंड्यात बांधून दिलेली शिदोरी, तीच त्याची सारी पुंजी. पाणी अनुकूल असेल तर त्या पुंजीत कवच पुरे होते आणि थोडी शक्ती शिल्लक राहून तो जीव पोहू लागतो, सूक्ष्म शेवाळ खाऊ लागतो. पाणी प्रतिकूल असेल तर तेच कवच रचण्यासाठी त्याला अधिक कष्ट पडतात आणि घर पुरे होण्याआधीच शिदोरी संपते. जॉर्ज वॉल्डबुसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब उलगडून दाखवला. शिवाय त्या दोन दिवसांत कवच रचण्याची जागा बाहेरच्या पाण्यापासून पुरेशी झाकलेली नसते. पुढे ते संरक्षण येते. ज्याचे घर बांधून झाले आहे त्याला पावसाचा त्रास होतो. ज्याच्या भिंती अर्ध्यावर आहेत तो वाहूनच जातो.

याहून बोधप्रद गोष्ट अशी की, जे डिंभ त्या दिवसांत मरत नाहीत त्यांचेही सारे काही सुरळीत होते असे नाही. लहानपणी वाईट पाण्यातून गेलेले जीव पुढे चांगल्या पाण्यात ठेवले तरी त्यांची वाढ मागे राहते, असे प्रयोगांत आढळले आहे. बालपणीचे कुपोषण प्रौढपणी भरून निघत नाही, हे माणसाविषयीचे सत्य शिंपल्यालाही लागू पडावे, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

ऑरेगनच्या त्या केंद्राने यातून मार्ग काढला. पाण्यातील कार्बनचे अखंड मोजमाप करणारी उपकरणे बसवली. सकाळी पाणी वाईट असते, कारण रात्रभर उपसागरातील सारे जीव श्वासोच्छ्वास करून कार्बन डाय-ऑक्साइड सोडीत असतात. दिवसा ऊन पडले की तळावरचे समुद्री गवत आणि सूक्ष्म शेवाळ तो शोषून घेतात, आणि दुपारनंतर पाणी सुधारते. म्हणून टाक्या दुपारी भरावयाच्या. जेव्हा तेही पुरत नाही तेव्हा पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या परिचयाचा धुण्याचा सोडा, मोजून मिसळावयाचा. एवढ्याने व्यवसाय सावरला. वॉशिंग्टन राज्याच्या राज्यपालांनी या प्रश्नावर शास्त्रज्ञ, व्यावसायिक व लोकप्रतिनिधी यांचे मंडळ नेमले आणि २०१२ च्या अखेरीस त्याचा अहवालही आला. संकट आल्यावर कोणी कोणाच्या नावाने बोटे मोडीत बसले नाही, मोजायला लागले. हा त्यांचा गुण घेण्यासारखा आहे.

तथापि सोडा हा टाकीतील इलाज आहे, समुद्रातील नव्हे. आणि त्या प्रकरणातील एक गोष्ट मनाला चटका लावून जाते. तेथे वर येणारे तळाचे पाणी सुमारे पन्नास वर्षांपूर्वी पृष्ठभागावर होते. त्या वेळच्या हवेतील कार्बन पोटात घेऊन ते खाली गेले होते. म्हणजे २००७ साली मेलेल्या डिंभांनी फेडले ते १९५० च्या दशकातले कर्ज. त्यानंतर आपण जे जाळले, त्याची हुंडी अजून वटायची आहे. आजोबांनी काढलेले कर्ज नातवाच्या माथी येते ही गोष्ट आपल्या गावांना नवी नाही. समुद्रही तसाच सावकार निघाला, इतकेच.

येथे कोणी म्हणेल की, मग आपल्या हाती काय राहिले? याचे उत्तर दुसऱ्या एका किनाऱ्याने दिले आहे. फ्रान्समधील आर्काशों उपसागर कालवांच्या बीजासाठी प्रसिद्ध. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे सलग काही वर्षे बीज धरलेच गेले नाही. पुष्कळ तपासानंतर दोष सापडला तो नौकांच्या रंगात. बोटीच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिन नावाचे विष त्या रंगात घातलेले असे. ते पाण्यात अत्यल्प प्रमाणात झिरपले तरी कालवांचे डिंभ आणि त्यांचे खाद्य असलेले सूक्ष्म शेवाळ या दोहोंना मारक ठरत होते. फ्रेंच सरकारने १९८२ च्या आरंभी लहान नौकांवर त्या रंगाला बंदी घातली आणि थोड्याच हंगामांत कालवे पुन्हा बीज धरू लागली. पुढे २००१ साली याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून तो अमलात आला. हे विष आपल्याला अपरिचित नाही. मुरगावच्या परिसरातील समुद्री गोगलगायींत त्याने घडवलेली लिंगविकृती आपल्याच दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवलेली आहे. सांगायचे तात्पर्य, सगळा दोष जगाच्या हवेचा नसतो. काही दोष गावचाही असतो, आणि तो गावाला दूर करता येतो.

आता आपल्या मांडवी-जुवारीकडे वळू. आपल्या खाड्यांचे पाणी वर्षभर एकसारखे कधीच नसते. वैशाखात मुखाजवळ ते समुद्राइतके खारे असते, आणि आषाढात वरचा थर जवळजवळ गोडा होऊन जातो. मोठी तिसरी अशा वेळी कवच मिटून घेते आणि दिवस ढकलते. डिंभाला ती सोय नाही. गोड्या पाण्याच्या लोंढ्यात खारेपणा एकदम उतरला, की जी कार्बोनेटची टंचाई ऑरेगनला तळाच्या पाण्याने आणली, ती येथे पावसाचे पाणी आणते. त्या पाण्याबरोबर गाळ येतो. तो डिंभांच्या बारीक केसाळ अवयवांत अडकतो आणि त्यांना बसण्यासाठी हवी असलेली स्वच्छ कठीण जागा झाकून टाकतो. आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतही तळाचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. शास्त्रज्ञ एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली त्याकडे जगाचे लक्ष वेधले होते.

हे सारे निसर्गाचे चक्र असून आपल्या तिसऱ्या, शिनाणे व कालवे हजारो वर्षे त्याच्याशी जुळवून घेत आली आहेत. त्यांनी पावसाचा हिशेब धरला आहे. आपला धरलेला नाही. सांडपाणी नदीत सोडले की ते कुजते. कुजताना प्राणवायू खर्च होतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो. म्हणजे जगाच्या धुराड्यांनी जे समुद्रात केले तेच आपण गटाराच्या तोंडाशी, अधिक वेगाने, करीत असतो. डोंगर उघडे पडले की गाळ वाढतो. खारफुटी तोडली की तो गाळ अडवणारे कोणी राहत नाही. आणि अशा पाण्यात मोठा मासा पोहताना दिसला, मोठी तिसरी जिवंत निघाली, की सारे ठीक आहे असा निर्वाळा आपण देऊन टाकतो. पाळण्यातले मूल तापाने फणफणले असताना आजोबा धडधाकट आहेत म्हणून घर निरोगी ठरवावे, त्यातलाच हा प्रकार!

शिंपल्यांच्या शेतीविषयी आपण अगदीच अनभिज्ञ आहोत असेही नाही. १९७० च्या दशकात डॉ. एस. झेड. कासीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनापावलच्या उपसागरात तराफ्यांना दोर बांधून त्यांवर शिनाणे वाढवून दाखवले. तुतिकोरीन येथे मोत्यांच्या कालवांचे बीज १९८१ साली टाकीत तयार झाले. केरळात नव्वदच्या दशकापासून शिनाण्यांची शेती खाड्यांतून उभी राहिली आणि तिने अनेक स्त्रियांच्या बचत गटांना हात दिला. परंतु तेथील बीज बहुतांशी खडकांवरून खरवडून आणलेले असते; म्हणजे या शेतीचे मूळही अखेर निसर्गातील पाण्याच्या कृपेवरच आहे. गोव्यात उद्या अशी शेती वाढली, आणि ती वाढावी असेच आमचे मत आहे, तर तराफे, दोर आणि अनुदान यांच्या आधी विचारावयाचा प्रश्न एकच: डिंभ जगेल असे पाणी आपल्यापाशी आहे काय, आणि असल्यास कोणत्या महिन्यात, कोणत्या ठिकाणी, भरतीच्या कोणत्या वेळी?

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना समजला असता. खाजन शेतीचा बांध आणि त्याची मानस दुसरे काय सांगतात? कोणते पाणी आत घ्यावयाचे, कोणते बाहेर ठेवावयाचे, दार केव्हा उघडायचे आणि केव्हा लावायचे, हे ज्ञान गावकरीच्या व्यवस्थेने शतकानुशतके जपले. ऑरेगनचा माणूस दुपार होण्याची वाट पाहून टाकी भरतो, आणि आपला मानस सांभाळणारा ओहोटीची वाट पाहत उभा राहतो. दोघांचे शास्त्र एकच. फरक एवढाच की त्याने आपल्या पाण्याला उपकरण लावले आणि आम्ही आमच्या मानशी मोडू दिल्या.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी, तसेच तिसऱ्या व कालवे जेथे परंपरेने धरतात अशा ठिकाणी, पाण्याचा खारेपणा, उष्णता, प्राणवायू आणि आम्लता यांचे बारमाही, अखंड मोजमाप व्हावे आणि भरती-ओहोटीच्या वेळा जशा छापल्या जातात तसे त्याचे आकडे लोकांपुढे यावेत. बीज धरण्याच्या काळात त्या ठिकाणी गाळ उपसणे, भराव घालणे आणि सांडपाणी सोडणे यांना सक्त मनाई असावी. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. पोटाशी अंडी असलेल्या माशाला जो विसावा आपण देतो, तो शिंपल्याच्या पिलालाही मिळाला पाहिजे. आणि नदीचे पाणी चांगले की वाईट याचा निवाडा मोठ्या माशाच्या नव्हे, तर सर्वांत लहान जिवाच्या साक्षीने व्हावा. आकडे जमवायला वर्षे लागतात, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यासाठीच आरंभ लवकर करावयाचा असतो.

आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत अजून कोठे कोठे शिंपल्यांची तावदाने दिसतात. सकाळचे ऊन त्यांतून गाळून आत येते. ज्या पातळ, पारदर्शक शिंपल्याची ती तावदाने, त्याची वस्ती आजही चिखलीच्या उपसागरात आहे. त्या प्रत्येक तावदानाच्या मुळाशी कधीतरी दोन दिवसांचा एक डिंभ होता आणि त्याला त्या दोन दिवसांत चांगले पाणी मिळाले होते. घर बांधणाऱ्याने ते फुकट मिळालेले दान मानले. आता ते फुकट राहिलेले नाही. पुढच्या वेळी बाजारात वाटा लहान दिसला तर मासळीवालीशी भांडण्यापूर्वी वाचकांनी एवढे आठवावे, आणि तिच्याशी न भांडता, जेथे भांडावयास हवे तेथे तिला सोबत घेऊन जावे.